सौ. उमा, मिरज

काल दुपारी वहिनी खालून ओरडली, "आवं वन्सं, कापडं काढा की! राख पडाय लागली!" मी गच्चीवरच होते. मान वर केली तर खरंच, नदीकडच्या रानातून काळ्या राखेच्या बारीक काड्या तरंगत येत होत्या. तोडीच्या आधी कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं असणार. कारखान्याचा बॉयलर पेटला की उंब्रजच्या आसपासच्या आमच्या गावांत होळीपर्यंत हेच चालतं. पहाटे धुकं, दुपारी राख, आणि चोवीस तास मळीचा तो आंबूस वास. वहिनीच्या पांढऱ्या चादरीवर एक काडी येऊन टेकली. मी ती चिमटीत धरायला गेले आणि बोटांत नुसता भुगा आला. मी तशीच उभी राहिले. वहिनी जिना चढून वर आली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "झालं का परत सुरू? ती मिरजंची बाई आठवली न्हवं?"

आठवली तर. दर हंगामाला आठवते. न आठवून सांगते कुणाला.

त्या वर्षी मी कॉलेजातून रजा घेऊन माहेरी येऊन बसले होते. मी सांगलीत मराठी शिकवते. जुन्या मासिकांतून लिहिणाऱ्या बायकांवर प्रबंध लिहायचा डोक्यात होता आणि फ्लॅटमध्ये अभ्यास होत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे माहेरी आयतं ताट मिळतं. पूर्वी असल्या कामासाठी पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांचे उंबरे झिजवावे लागायचे. तिथला माणूस आधी तुमच्याकडं बघायचा, मग घड्याळाकडं, आणि मग म्हणायचा, बांधणीला गेलंय. आता ती मासिकं पानन् पान स्कॅन होऊन एका संकेतस्थळावर चढलीत. अडचण एवढीच, की आमच्या घरात रेंज नाही. ती मिळते फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात. म्हणून मी तिथं सतरंजी टाकून, डोक्याला भावाचा मफलर गुंडाळून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. गावात बोभाटा झाला होता, की मास्तरीणबाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

सकाळी धुकं इतकं दाट असायचं, की गच्चीचा कठडासुद्धा दिसायचा नाही. खालून, उसातून, नुसते आवाज यायचे. कोयत्याचे, खोकण्याचे, बाईनं बाईला मारलेल्या हाकेचे. माणूस एक दिसायचं नाही. बोलणारीचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही कळायचं नाही. ऊन चढलं की रान आपलं रान व्हायचं, तोडणीच्या टोळ्या दिसायला लागायच्या आणि मला उगीच हायसं वाटायचं. दहा वाजेपर्यंत मी काही वाचायची नाही. भीती वाटायची असं नाही म्हणणार मी, पण नाही वाचायची.

स्कॅन केलेलं पान पुस्तकाच्या पानापेक्षा वेगळं असतं, हे मला तिथं बसून कळलं. कागद जुना, पातळ, त्यामुळं पलीकडच्या बाजूची अक्षरं अलीकडं उमटलेली दिसतात. आपण एक ओळ वाचत असतो आणि तिच्या आतून दुसरी कुणीतरी उलटी ओळ बोलत असते. मधूनच एखाद्या पानाच्या कडेला बोट दिसतं. स्कॅन करणाऱ्याचं बोट, रबरी टोपी घातलेलं, पान दाबून धरलेलं. ते कुणा कामसू मुलीचं असणार हे ठाऊक असूनही मी दर वेळी दचकायचीच. आणि त्या पानांवर लिहिणाऱ्या बायका! एकीचं नाव 'एक भगिनी', दुसरीचं 'एक अनुभवी गृहिणी', तिसरी नवऱ्याच्या आद्याक्षरांमागं दडून बसलेली. हातात पेन आहे, डोकं तल्लख आहे, आणि नाव सांगायची सोय नाही. मला त्यांचा राग यायचा आणि मग रागाचा राग यायचा.

त्यातच मला सौ. उमा भेटली. लेखाखाली एवढंच छापलेलं असायचं, 'सौ. उमा, मिरज'. स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधीचं पुण्याचं मासिक, बायकांसाठी काढलेलं. त्यात ही दोन-दोन पानांचं चुरचुरीत लिहायची. नवरा मिरजेत एका डॉक्टरांकडं कंपाउंडर. पहिल्याच लेखात तिनं लिहिलं होतं, 'आमच्या घरात औषधांचा वास येतो, म्हणून पाहुणे लवकर उठतात. मला हा वास फार आवडतो.' मी गच्चीवर एकटी मोठ्यानं हसले. मग मी तिचं सगळं शोधून काढलं. ती दवाखान्याच्या दारातली गर्दी लिहायची, टांगेवाल्यांची भांडणं लिहायची, तंबोऱ्यासाठी पोखरून वाळत ठेवलेल्या भोपळ्यांच्या रांगा लिहायची. सगळं बाहेरचं. खिडकीतून बघून लिहिलेलं असणार, कारण तेव्हा बाहेर तिला कोण सोडतंय? पण तिची नजर रस्त्यावर होती. मला ती आवडली, अगदी मैत्रीण आवडावी तशी. चहा पिताना वहिनीला मी तिचे किस्से सांगायची. वहिनी पण विचारायला लागली, "आज काय म्हनती तुमची उमाबाई?"

प्रत्येक पानाखाली एक डोळ्याचं बारकं चित्र असायचं आणि शेजारी आकडा, आजवर किती जणांनी हे पान उघडलं त्याचा. उमाच्या पानांवर तो आकडा सगळीकडं एकच होता, एक. तो एक म्हणजे मी. इतक्या वर्षांत तिच्याकडं आलेली पहिली आणि एकटी बाई मी होते. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व वाटायचा.

मग एका दुपारी ती मेली. मी सांगलीच्या एका जुन्या साप्ताहिकाचे अंक चाळत होते, दुसऱ्याच कुणाचा शोध घेत. गावोगावच्या बारीक बातम्यांमध्ये काळ्या चौकटीत चार ओळी होत्या. मिरजेतले अमुक कंपाउंडर यांच्या पत्नी सौ. उमा बाळंतपणात वारल्या, मुलगी सुखरूप आहे, सौभाग्यवती मासिकांतून लेखन करीत असत. संपलं. मी लॅपटॉप मिटला. जिच्या मरणाला एक आयुष्य उलटून गेलंय तिच्यासाठी कुणी रडतं का? मी रडले. जेवायला खाली गेले नाही. वहिनी वर आली आणि घाबरून म्हणाली, "आवं, कोन गेलं? फोन आला का कुनाचा?" मी सांगितलं, उमा गेली. वहिनीनं कपाळावर हात मारला. पण ती पण मग माझ्याशेजारी सतरंजीवर बसली. तिच्या चुलत बहिणीला असंच झालं होतं.

आता इथून पुढचं सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, आणि मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कामाची शिस्त म्हणून मी त्या पुण्याच्या मासिकाचे पुढचे अंकही उघडत गेले. ऊन होतं, भर दुपार होती. खाली वहिनी मिरच्या निवडत होती, तिचा ठसका ऐकू येत होता. मी एक अंक उघडला, दुसरा उघडला, आणि त्यापुढच्या एका अंकात डाव्या पानावर लेख होता. खाली नाव, सौ. उमा, मिरज. तारीख बघितली. साप्ताहिक परत उघडून ती चौकट बघितली. परत मासिक बघितलं. लेखाची सुरुवात अशी होती, 'मध्यंतरी काही दिवस माझे लिहिणे थांबले होते. आता मी बरी आहे.'

माझी पाचावर धारण बसली. मी सरळ उठले, जिना उतरले आणि वहिनीजवळ जाऊन बसले. नुसती बसले. मिरच्या निवडायला लागले. वहिनी म्हणाली, "डोळ्याला हात लावू नगा त्या हातानं." एवढं साधं वाक्य ऐकून मला कसलं बरं वाटलं, काय सांगू.

डोकं थंड झाल्यावर शंका काढल्या. आधी पाठवलेला लेख उशिरा छापला असेल. पण मग 'आता मी बरी आहे' कुठून आलं? साप्ताहिकानं चुकीची बातमी दिली असेल. होतं असं. मी पुढचे अंक काढले. उमा लिहीतच होती, वर्षभर, दोन वर्षं. शब्दही तिचेच वाटत होते, वाक्यं तशीच आखूड, पण खिडकी कुणीतरी लावून घेतल्यासारखी. टांगे नाहीत, रस्ता नाही. सगळं घरातलं. एका लेखात लिहिलं होतं, 'पेटीतल्या चोळ्या मला बरोबर बसतात. सासूबाईंना फार समाधान वाटते.' दुसऱ्या एका लेखातली ओळ तर मला आजही एकटीनं आठवायला नको वाटते. 'घरात मला कोणी हाक मारली, की मी लगेच ओ देत नाही. आधी थांबून ऐकते, दुसरे कोणी ओ देते का.'

वहिनीला मी हे वाचून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वन्सं, बास करा. मेलेल्या बाईचं वाचू न्हाई. लिंबू उतरून टाकू का तुमच्यावरनं?" मी हसण्यावारी नेलं. पण गच्चीवर जाताना तिला म्हटलं, तू पण तुझं गव्हाचं सूप घेऊन वर ये की. ती आली. दोघी बसलो. ती गहू पाखडत होती, मी मेलेल्या बाईचं वाचत होते, आणि वरून राख पडत होती.

आणि मग आकडा वाढला. उमाच्या त्या 'आता मी बरी आहे'वाल्या पानाखाली, डोळ्याच्या चित्राशेजारी, एकाच्या जागी दोन झाले. मी म्हटलं, मीच दोनदा उघडलं असेल. पण तसं तिथं मोजत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या पानांखाली दोन. म्हणजे माझ्या मागोमाग कुणीतरी एकेक पान उघडत चाललं होतं. मला वाटायला लागलं, मी गच्चीवर वाचतेय आणि कुणीतरी खांद्यावरून बघतंय. मफलर घट्ट केला मी. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, जिथं वाचकांना अभिप्राय लिहायला जागा असते आणि जिथं जन्मात कुणी काही लिहीत नाही, तिथं एक ओळ आलेली दिसली. 'हे आणखी कोण वाचतंय? या आमच्या घरातल्या आहेत.'

उत्तर द्यायला मला धीर झाला नाही. शेवटी वहिनीच म्हणाली, "भुताला मोबाईल कुटला आलाय? लिवा की." मी लिहिलं. तिकडून फोन नंबर आला आणि जीव भांड्यात पडला. ती स्वाती होती, मिरजेतल्या एका दवाखान्यात नर्स. तिच्या नवऱ्याची आजी, जिला सगळे आक्का म्हणतात, ती उमाची मुलगी. बाळंतपणात सुखरूप राहिलेली तीच. नव्वदी कधीच ओलांडलेली, डोळे गेलेले, अंथरुणाला खिळलेली. स्वाती म्हणाली, "मॅडम, डॉक्टर म्हणालेत, हा हंगाम काढतील असं वाटत नाही. त्यांचं एकच चाललंय. माझी आई लिहायची, मला तिचं एक वाक्य ऐकवा. एकच. बाकी काही नको. मी ड्युटीवर मोबाईलवर शोधत बसायची, तेव्हा हे सापडलं. पण मला यातलं काही कळत नाही हो. मेल्यावर कसं लिहिलं त्यांनी? कुठलं वाचून दाखवू? चुकीचं वाचून दाखवलं तर?"

मी निघालेच. कराड सोडलं, की पुढं सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. दोन-दोन ट्रॉल्या मागं, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस, दणदणीत गाणी आणि मागं अडकलेले आपण. इस्लामपूरच्या पुढं गाडी बराच वेळ एका ट्रॉलीमागं राहिली. ट्रॉलीतल्या उसावर एक बाई पोराला घेऊन बसली होती. ती माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. तिचं नाव मला कधीच कळणार नव्हतं, असं काहीतरी मनात आलं आणि मी खिडकीची काच वर केली.

आक्का स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत कॉटवर होत्या. इतकं लहान झालेलं माणूस मी आधी बघितलं नव्हतं. आवाज मात्र खणखणीत. "आलीस व्हय गं? बस. च्या ठेव गं स्वाती." मी त्यांना आधी विचारायला हवं होतं तेच विचारलं. तुमची आई वारली, मग तिच्या नावानं कोण लिहीत होतं?

"लिवत व्हतं? मागनं?" त्यांना ते ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेला चांदीचा टाक चाचपडला. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. पहिली बायको गेली, की दुसरीनं तो गळ्यात घालायचा आणि सवतीला मान द्यायचा, अशी आमच्याकडची जुनी रीत. "हा माझ्या आईचा. धाकटीच्या, बाबांच्या दुसरीच्या, गळ्यात असायचा. ती गेल्यावर मी घातला. आमच्या बाबांनी वरसाच्या आत दुसरी आनली. लगनात तांदळात अंगठीनं नाव लिवत्यात न्हवं? भटजीनं इचारलं, नवरीचं नाव काय ठिवायचं? आजी म्हनली, उमाच ठिवा. मला म्हातारीला आता नवं नाव ध्यानात राहायचं न्हाई."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "म्हणजे दुसरीचंही नाव उमा?"

"व्हय. त्याच पेटीतली लुगडी, त्याच चोळ्या, त्येच नाव. लोकं म्हनायची, कंपाउंडरचं घर काय इस्कटलं न्हाई. माहेरचं तिचं नाव काय व्हतं कुनाला ठावं? मी बी कवा इचारलं न्हाई."

हाक मारल्यावर थांबून ऐकणारी ती बाई मला त्या क्षणी कळली. पुण्याच्या संपादकांचं पत्र आलं असणार सौ. उमाच्या नावानं, लेख पाठवा म्हणून. त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना? आणि घरात सौ. उमा होतीच की. तिनं पत्र उघडलं, आणि उत्तर दिलं. आता मी बरी आहे. मी हे आक्कांना सांगितलं तर त्या हसल्या. "धाकटी? ती कवा लिवती? ती चुलीपुढनं उठायची न्हाई. रात्री निजायला तेवढी माझ्यापाशी यायची." आम्ही एवढं बोललो तरी त्या तिला धाकटीच म्हणत होत्या. मी विचारलं, आई म्हणायचात का तिला? "न्हाई. म्हनावं वाटायचं. पर आजी म्हनायची, तुजी आई वर बगतीया, तिला काय वाटंल? मग न्हाई म्हनलं. ती बी कवा म्हन म्हनली न्हाई."

हे सगळं झाल्यावर मी त्या संकेतस्थळाला कळवलंय, की तुमच्या यादीतली ही एक बाई म्हणजे दोन बायका आहेत, वेगळ्या करा. त्यांचं सभ्य उत्तर आलं. करतो, दुसरीचं नाव कळवा. मला कळवता आलेलं नाही. अजूनही तिथं एकच उमा आहे, जन्म रिकामा, मृत्यू रिकामा. काल राख पडली तेव्हा मी गच्चीवर परत ते पान उघडलं. वहिनी म्हणाली, "बगा बगा, आनी काय न्हाई तर निदान बगा तिच्याकडं." तिला आता भीती वाटत नाही.

त्या दुपारी मात्र मिरजेत मला भीती वाटत होती. म्हातारी मरायला टेकलेली, एका वाक्यासाठी थांबलेली, आणि ते वाक्य निवडायचं माझ्याकडं. धाकटीचं वाक्य आईचं म्हणून तिच्या कानात घातलं तर ते निस्तरायला मी कुठं जाणार? म्हणून मी मरणाच्या बातमीच्या बऱ्याच आधीचं, अगदी निर्विवाद असं काढलं. मासिकाच्या मुलांच्या सदरात उमानं एक छोटी गोष्ट लिहिली होती. मी ती मागं एकदा वरवर चाळून सोडून दिली होती, कारण माझ्या प्रबंधाला ती उपयोगाची नव्हती. आक्का तेव्हा पोटात असतील किंवा तेवढ्याही नसतील. मी मोबाईल उजेडाकडं धरला. स्वाती दारात उभी राहिली. आक्कांनी हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मी वाचायला लागले. "'मुलीने विचारले, आई, ऊन आल्यावर धुके कुठे जाते? आई म्हणाली, ते उसात जाते. पहाटे पाण्याला गेलेल्या आणि घरी न परतलेल्या बायका म्हणजे धुके. दिवसा त्या उसात निजतात.'" इथं पान संपलं. मी बोटानं पुढचं ओढलं. ते उघडेना. नुसतं चक्र फिरत राहिलं. मी म्हटलं, थांबा हं आक्का, येतंय.

आक्का थांबल्या नाहीत. डोळे मिटलेले, आवाज एकदम वेगळा, बारीक, लहान पोरीला सांगावं तसा. "'आन् ऊस तोडल्यावर कुठं जातं?' पोरगी म्हनली. आई म्हनली, 'ऊस तोडला की त्या बायका घरोघरी येतात. दुसऱ्या बाईच्या तोंडानं बोलतात. वळखू आली तरी नाव घेऊ न्हाई. जवळ घेतलं तर जवळ जावं, निजवलं तर निजावं.'"

पान उघडलं. मी वाचलं. तेच होतं. शब्द तेवढे पुस्तकी, बाकी ओळीमागून ओळ तीच. स्वातीनं दाराची चौकट धरली. हे पान जगात स्वाती आणि माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नव्हतं, आणि आक्कांना डोळे नव्हते.

"हे तुला कुठनं घावलं गं?" आक्का म्हणाल्या. "ही तर धाकटीची गोष्ट. मला निजवताना रोज सांगायची."

"आक्का, ही छापून आली तेव्हा तुमचा जन्म झाला नव्हता. धाकटी त्या घरात यायची होती. हे तुमच्या आईनं लिहिलंय."

त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच राहिला. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. "बाबांनी तिची सगळी मासिकं बंबात घातली व्हती," त्या हळू म्हणाल्या. "मला ठावं हाय. आजी सांगायची. पानी तापवलं म्हनून."

"त्याच्या आधी धाकटीनं वाचली असणार."

"आन् पाठ केली."

"हो."

"आन् मला सांगितली. सोताची म्हनून न्हाई, थोरलीची म्हनून बी न्हाई." त्या रडत होत्या, पण आवाजाला काही झालं नव्हतं. "मी जलमभर वरडत आले गं, माझ्या आईचं एक वाक्य माझ्या कानावर न्हाई. आन् ती बया रोज राती..." स्वाती पाणी घेऊन आली. त्यांनी ते घेतलं नाही. मला वाटलं, आता त्या म्हणतील, परत वाच. मी पान मागं ओढून ठेवलं.

"ते र्‍हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "ते मला पाठ हाय. आता आईचं वाच."

मला कळेना. "हेच आईचं, आक्का."

"न्हाई गं," त्या म्हणाल्या, "धाकटीचं म्हनते मी. तिनं काय लिवलंय, ते वाच."